मुगीचा आठवा पाय

चाकणच्या ज्या कंपनीत वर्षाली कामाला होती, तिथं गाड्यांच्या ब्रेकचे लोखंडी भाग बनत, आणि बनलेला प्रत्येक भाग खोक्यात जाण्याआधी तिच्या टेबलावरून जाई. भाग उचलायचा, ट्यूबलाइटखाली फिरवायचा, कडेवरून अंगठा फिरवायचा, शंका आली तर गळ्यातलं भिंग डोळ्याला लावायचं. बारीक तडा, बोटाला लागणारी कड, आत राहून गेलेला हवेचा बुडबुडा. आठ वर्षं ती हेच शोधत आली होती. चांगला तुकडा हिरव्या ट्रेमध्ये, वाईट लाल ट्रेमध्ये. लाइनवरचे लोक तिला जरा वचकूनच असत, कारण वर्षालीनं लाल ट्रेमध्ये टाकलेला तुकडा परत हिरव्यात आलाय असं कधी झालं नव्हतं. महिनाअखेरीला माल कमी पडला की सुपरवायझर गोड बोलून बघायचा, मग आवाज चढवून बघायचा. ती एवढंच म्हणायची, "सही तुम्ही करा. मी नाही करणार." तिथं विषय संपायचा.

ती मूळची हिंगोलीकडची, सेनगावजवळच्या खेड्यातली. बाविसाव्या वर्षी लग्न झालं आणि चौथ्या महिन्यात कळलं, की नवऱ्याचं परभणीत आधीपासून एक बिऱ्हाड आहे आणि त्या बाईला तीन वर्षांची मुलगी आहे. नवऱ्याचं जेवढं लागलं त्याहून जास्त लागलं ते हे, की ही गोष्ट सासरी सगळ्यांना ठाऊक होती, स्थळ आणणाऱ्याला ठाऊक होती, आणि तिच्या सख्ख्या मोठ्या भावालाही ठाऊक होती. लग्न झालं की सुधारेल, असं त्याला वाटलं होतं म्हणे. घरात फक्त दोघांना माहीत नव्हतं, तिला आणि तिच्या वडिलांना. त्यामुळे वडील तेवढे तिचे राहिले. बाकी सगळं सोडून ती भोसरीला आली आणि मिळेल त्या वर्कशॉपमध्ये लागली. पुढे चाकणची नोकरी मिळाली, तरी खोली भोसरीतच ठेवली.

खोली गोजाबाईंची. गोजाबाई जुन्या भोसरी गावातल्या; एकेकाळी ज्या रानात त्यांनी भाजी लावली तिथंच आता तीन मजले उभे होते आणि प्रत्येक मजल्यावर भाड्याच्या खोल्या. वरच्या मजल्यावरच्या खोलीत वर्षालीबरोबर सहा वर्षं तनुजा राहत होती. तनुजा संगमेश्वरची, चौकातल्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नमुने घ्यायला बसे. वर्षाली जेवढी कमी बोले तेवढी तनुजा जास्त. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, एकदा दोघी भाजी निवडत बसल्या असताना वर्षालीनं तिला लग्नाची सगळी हकिकत सांगितली होती. तनुजा रडली होती. वर्षाली रडली नव्हती. ती म्हणाली होती, "माझं एवढंच म्हणणं आहे तनू, कितीबी वाईट असलं तरी मला तोंडावर सांगत जा. सगळ्यांना माहीत आणि मलाच नाही, हे मला परत नको."

"माझ्याकडून असं व्हायचं नाही गो," तनुजा म्हणाली होती.

कंपनीच्या टूलरूममध्ये शेखर नावाचा चिंचवडचा माणूस होता. वर्षालीहून चार-पाच वर्षांनी मोठा, हाताला कसब असलेला, सगळ्यांशी मिळून-मिसळून वागणारा. कंपनीत त्याची ओळख मात्र वेगळ्याच कारणानं होती. त्यानं घरी टॅरंटुला पाळले होते, म्हणजे ते परदेशी, केसाळ, मोठाले कोळी. एका मार्च महिन्यात जेवणाच्या सुट्टीत त्यानं खिशातून बोटभर डबी काढून वर्षालीच्या ताटाशेजारी ठेवली.

"मॅडम, हा एवढा एक पीस चेक करून द्या."

डबीत ओलसर भुशावर मुगाच्या दाण्याएवढं काहीतरी बसलं होतं. वर्षालीनं सवयीनं भिंग लावलं. आठ पाय, फिकट गुलाबी, जवळजवळ आरपार दिसणारे. पायांवर केस, इतके बारीक की नीट धरल्याशिवाय दिसत नव्हते. पोटावर एक काळपट ठिपका. बघता बघता त्या जिवानं पुढचा एक पाय उचलला, हवेत काहीतरी चाचपल्यासारखा हलवला आणि अलगद खाली टेकवला. वर्षाली बघतच राहिली. तिची भाजी गार झाली.

"काय मग, पास का रिजेक्ट?" शेखरनं विचारलं.

"हे केवढं होईल?"

"तुमच्या तळहाताएवढं. गुडघ्यांवर सोनेरी पट्टे येतात याच्या. पण सावकाश, पाच-सहा वर्षं तरी धरा. आणि मादी निघाली तर वीस वर्षं जगेल. जात दक्षिण अमेरिकेतली, पण पिल्लं इथलीच. एका ओळखीच्याकडं अंडी फुटली, मी पंचवीस आणलीत. हे तुम्ही ठेवा."

"मला नाही जमायचं."

"तुम्हाला नाही जमणार तर कुणाला? याला फक्त लक्ष देऊन बघणारं माणूस लागतं."

वर्षालीनं डबी ओढणीत धरून बसमधून भोसरीला आणली. ते काय आहे हे कळल्यावर तनुजा आधी कॉटवर चढून बसली. दुसऱ्या दिवशी मात्र तिनंच लॅबमधून नमुन्याच्या चार कोऱ्या डब्या आणल्या. झाकण घट्ट, प्लास्टिक स्वच्छ, आरपार दिसणारं. वर्षालीनं सुई तापवून झाकणाला भोकं पाडली. तळाला दोन बोटं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, दाबून भरलं, एका बाजूला ओलं, दुसऱ्या बाजूला कोरडं. पाण्यासाठी बाटलीचं नाही, तर इंजेक्शनच्या कुपीचं चिमुकलं झाकण. नाव तनुजानं ठेवलं. "मुगाएवढी आहे, मुगी म्हण."

नर का मादी हे एवढ्यात कळणार नव्हतं, पण दोघींच्या बोलण्यात ती 'ती'च झाली.

शिकवणारा शेखर. आठवड्यातून एकदा पिठातल्या अळीचा तुकडा द्यायचा, जिवंत अळी नको, तिच्या अंगावर जाते. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढून टाकायचं. अंगावर पाणी फवारायचं नाही. हातात घ्यायचं नाही. हातभर उंचीवरून पडली तरी पोट फुटून मरते. आणि पोट फुगून काळं, चकचकीत दिसायला लागलं की समजायचं, कात टाकायची वेळ आली. मग खायला बंद. वर्षालीनं हे सगळं एका दोनशे पानी वहीत लिहून काढलं. रोज तारीख घालून एक ओळ: आज कुठं बसली, काय खाल्लं, पाणी किती उरलं.

मे महिन्यात एका सकाळी, फर्स्ट शिफ्टला निघताना तिनं डबी उचलली तर मुगी उताणी पडलेली. आठही पाय वर, निश्चल. तिनं शेखरला फोन लावला.

"डबी खाली ठेवा," तो म्हणाला. "हलवू नका, फुंकर घालू नका, काडी लावू नका. ती मेलेली नाही. कात टाकतीये."

"तुम्हाला कसं कळलं न बघता?"

"मेली की पाय पोटाशी घेते. वर केलेत म्हणजे काम चालू आहे. जा कामावर."

संध्याकाळी परतली तर डबीत दोन मुग्या होत्या. एक पोकळ, कागदासारखी पातळ, आणि शेजारी दुसरी, जराशी मोठी, दुधी रंगाची, दमून बसलेली. वर्षालीनं ती कात चिमट्यानं उचलली आणि वहीत चिकटवली. त्या दिवसापासून शेखरनं सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीवर तिनं कधी उलट विचारलं नाही.

ऑगस्टपर्यंत वहीत दोन काती झाल्या. गोजाबाई भाडं न्यायला वर येत त्या आता मुगीला बघायला म्हणूनही येऊ लागल्या. चष्मा पुसून डबीत डोकावत आणि म्हणत, "खाती का न्हाई पोटभर? लई बारीक हाय." कंपनीतही वर्षालीत काहीतरी बदललंय असं लोक म्हणू लागले. ती जेवणाच्या सुट्टीत आपणहून बोलायची, फोनमधले फोटो दाखवायची. वडिलांशी रोज फोनवर पाच मिनिटं व्हायची ती आता वीस होत. वडील खेड्यात बसून विचारायचे, "तुझं जनावर काय म्हणतंय?" आणि ती सविस्तर सांगायची.

ऑक्टोबरात तिच्या हातून चूक झाली. पाणी बदलून झाकण लावताना मुगी डबीच्या भिंतीला चढलेली तिला दिसली नाही. झाकण फिरलं आणि डावीकडचा तिसरा पाय त्यात सापडला. मुगीनं पाय तिथंच सोडला आणि आत पळाली. झाकणाच्या कडेला केसाएवढा पाय लटकत राहिला. वर्षालीनं तो बघितला आणि शेखरला फोन लावला. आठ वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या बाईला स्वतःची ही चूक कुठल्या ट्रेमध्ये टाकावी कळेना. शेखरनं धीर दिला. "पाय परत येतो हो. कात टाकताना येतो." मुगीचं पोट तेव्हा काळं पडलेलंच होतं. वहीत तिनं लिहिलं: पोट काळं, खाणं बंद, माझ्या चुकीनं पाय गेला.

त्यानंतर आठव्या दिवशी भावाचा फोन आला. वडिलांना छातीत दुखून नांदेडला हलवलं होतं.

निघायच्या घाईतही तिनं कपाटाच्या दारावर कागद चिकटवला. 'पोट काळं आहे. खायला काहीही द्यायचं नाही. फक्त झाकणात पाणी.' खाली शेखरचा नंबर लिहिला, आणि तनुजाला तोंडानंही दोनदा सांगितलं. तनुजा म्हणाली, "तू जा गो, काकांकडे बघ. इथलं मी बघते."

वडील अकरा दिवस हॉस्पिटलात होते आणि बाराव्या दिवशी गेले. दिवसकार्य उरकून, भावाशी चार शब्दही न बोलता वर्षाली परत आली, तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. बॅग खाली ठेवण्याआधी तिनं खिडकीशी ठेवलेली डबी उचलली.

मुगी होती. मोठी झाली होती. आणि पाय आठ होते.

तिनं भिंग लावलं, परत मोजले. डावीकडचा तिसरा पाय इतरांएवढाच, तसाच भरलेला, केसाळ. ती खाली बसली आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी रडली. तनुजानं तिला जवळ घेतलं. "बघ, तू नसतानाही नीट झालं की नाही सगळं," ती म्हणाली.

"कात कुठंय?"

"कात..." तनुजा पाणी आणायला उठली. "अगो ती कचऱ्यात गेली. भुसा बदलताना लक्षातच नाही आलं."

वर्षालीला वाईट वाटलं, पण रागवायचं त्राण नव्हतं. दुसऱ्या दिवशी कंपनीत तिनं शेखरला फोटो दाखवला. "एका कातीत एवढा पाय? अगदी बाकीच्यांएवढा?"

शेखरनं फोटो बघितला, फोन परत दिला. "लहान पिल्लांचं असंच असतं. वाढ जोरात असते ना. एका कातीत पूर्ण पाय येतो."

"आणि ती आता सारखी भुशात शिरून बसती. आधी पाण्याजवळ बसायची."

"स्वभाव बदलतो कात टाकल्यावर."

वर्षालीनं ते वहीत लिहिलं. 'लहानपणी एका कातीत पूर्ण पाय येतो.' खाली रेघ मारली.

तो हिवाळा तिनं त्या पायाच्या आधारानं काढला, असं म्हटलं तरी चालेल. वडील गेले, पण तिच्या हातून मोडलेलं एक तरी काही भरून आलं होतं. सकाळी निघताना ती डबीकडे बघे आणि तेवढ्यानं दिवस ढकलला जाई. गोजाबाई वर आल्या की "किती छान पाय आला बघा," असं ती त्यांना दाखवी. गोजाबाई "व्हय व्हय" म्हणत आणि चष्मा न पुसताच खाली उतरत. हे तिला तेव्हा जाणवलं नव्हतं. नंतर जाणवलं.

जूनमध्ये कुणीतरी तिला फोनवरच्या एका ग्रुपमध्ये घातलं. पुण्याच्या आसपास असे कोळी पाळणारे तीस-चाळीस लोक त्यात होते. शेखरही होता, पण तो फारसा लिहीत नसे. एके दिवशी एका मुलीनं घाबरून विचारलं, माझ्या पिल्लाचा पाय तुटलाय, पोट काळं झालंय, काय करू? वर्षालीनं कधी नव्हे ते लगेच लिहिलं. घाबरू नका, माझ्या मुगीचा पाय असाच गेला होता, पोट काळं असतानाच, आणि त्याच कातीत पूर्ण परत आला. सोबत दोन फोटो जोडले, आधीचा आणि नंतरचा.

ताथवड्याचा रविराज म्हणून एक जुना पाळणारा होता. त्याचं उत्तर अर्ध्या तासानं आलं. 'ताई, असं होत नाही. पोट काळं होतं म्हणजे आत नवीन कातडं तयार झालेलं असतं. त्यानंतर तुटलेला पाय त्या कातीत येत नाही. पुढच्या कातीत येतो, तोही आधी बारीक आणि आखूड. तुमच्या दोन्ही फोटोंतल्या पोटावरचा ठिपकाही बघा. राग मानू नका, पण ही दोन वेगळी पिल्लं आहेत.'

वर्षाली तेव्हा जेवणाच्या सुट्टीत होती. तिनं दोन्ही फोटो मोठे करून बघितले. पहिल्या मुगीचा ठिपका खाली निमुळता होता. दुसरीचा गोल. सात महिने रोज बघत होती ती. दिवसाला हजारावर तुकडे तपासणाऱ्या तिच्या डोळ्यांनी हे बघितलं नव्हतं असं नाही. नोव्हेंबरातच कुठंतरी खटकलं होतं. पण शेखरनं सांगितलं आणि तिनं आपले डोळे बाजूला ठेवले.

ती टूलरूममध्ये गेली. शेखर ग्राइंडरजवळ उभा होता. त्याच्या हातात फोन होता. ग्रुपवरचं त्यानंही वाचलं होतं हे चेहऱ्यावरून कळलं.

"मुगी कधी मेली?" तिनं विचारलं.

शेखरनं मशिन बंद केलं. "तुम्ही गेल्यावर सहाव्या-सातव्या दिवशी. तनुजाचा फोन आला मला. खूप रडत होती. तुमचे वडील तिकडं आयसीयूत. अशा वेळी काय सांगणार?"

"म्हणून तुम्ही दुसरी दिली."

"एकाच आईच्या अंड्यांतली आहेत, मॅडम. बहीणच म्हणा तिची. काय फरक पडतो? तुम्हाला आधार झाला ना?"

"दिली त्याचं नाही विचारत मी. मी तुम्हाला येऊन विचारलं होतं, एका कातीत एवढा पाय येतो का म्हणून. तुम्ही हो म्हणालात. मी ते वहीत लिहून ठेवलं. आज एका पोरीला तेच सांगितलं." ती सावकाश बोलत होती, टेबलावरचा दोष दाखवावा तशी. "एक तुकडा लाल ट्रेमध्ये गेला म्हणून त्याचा टॅग काढून दुसऱ्याला लावला, तर कंपनीत त्याला काय म्हणतात?"

शेखर म्हणाला, "वाईट हेतू नव्हता."

"नसेलच," वर्षाली म्हणाली आणि परत टेबलावर येऊन बसली. उरलेल्या शिफ्टमध्ये तिनं एकही तुकडा चुकवला नाही.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा तनुजा भात लावत होती. शेखरनं तिला फोन केलेला असणार. ती पाठमोरीच राहिली.

"कशी मेली?"

तनुजानं गॅस बारीक केला. "पंधरा दिवस झाले असतील, तिनं काही खाल्लं नव्हतं. अशी एकटक बसलेली असायची. मला बघवेना. वाटलं, कागदावर लिहिलंय खरं, पण उपाशी मेली तर? मी एक अळी टाकली." तिनं ओटा पुसायला घेतला. "जिवंत. सकाळी बघितलं तर ती उताणी होती, कात अर्धी निघालेली, आणि अळी तिला..."

"मला फोन का नाही केला?"

"त्याच दिवशी तू सांगितलंस, काकांना नळ्या लावल्यात. कसा करणार होते गो?"

"बरं. तेव्हा नाही केला. मी आल्यावर?"

"आल्या आल्या तू डबी घेऊन रडायला लागलीस. म्हणालीस, एवढं तरी राहिलं. मग माझं तोंडच उघडेना. म्हटलं आठवड्यानं सांगू, महिन्यानं सांगू. मग शेखर म्हणाले, आता सांगून काय मिळणार."

"गोजाबाईंना माहीत होतं?"

तनुजानं मान हलवली. "मी जिन्यात रडत होते, त्यांनी बघितलं."

म्हणजे खालच्या मजल्यालाही माहीत होतं. वर्षाली कॉटवर बसली. कुकरची शिट्टी झाली, तनुजानं गॅस बंद केला. खोली पूर्वीसारखीच होती, तरी तिला त्या घटकेला सासर आठवलं. तिथंही सगळे तिच्याशी असेच प्रेमानं वागायचे. प्रेमात काही खोट नव्हती, हेच तर अवघड होतं.

"तुला मी एकच गोष्ट सांगितली होती, तनू."

"माहितीये मला."

"कुठं टाकलीस तिला?"

तनुजानं तिच्याकडे बघितलं. काहीतरी बरं वाटेल असं सांगावं, हे तिच्या मनात येऊन गेलेलं वर्षालीला स्पष्ट दिसलं. मग ती म्हणाली, "ओल्या कचऱ्यात. सकाळी गाडी आली तेव्हा."

वर्षाली म्हणाली, "बरं." त्या दिवशी दोघी जेवल्या नाहीत.

ग्रुपवर तिनं लिहिलं, की रविराज यांचं बरोबर आहे, माझी माहिती चुकीची होती, माझ्याकडचं पहिलं पिल्लू नोव्हेंबरात मेलं आणि हे दुसरं आहे. कुणी फसवलं हे लिहिलं नाही. वहीतली ती रेघ मारलेली ओळ तिनं खोडली नाही. शेजारी 'खोटं' असा शब्द लिहिला आणि तारीख घातली. मग नवं पान घेतलं आणि दुसऱ्या कोळ्याची नोंद पहिल्यापासून सुरू केली. त्याला नाव दिलं नाही. ते शेखरला परत द्यावं असंही एकदा मनात आलं, पण त्या जिवाचा यात काही दोष नव्हता, आणि खायला द्यायचा दिवस उद्याच होता.

गोजाबाई दोन दिवसांनी वर आल्या, दाराशीच बसल्या. "पोरी, आमी काय तुझं वाईट चितलं न्हाई. बाप गेलेला, त्यात ह्ये कशाला, म्हून गप बसलो."

"मला ठाऊक आहे, मावशी."

"मग खोली कशापायी सोडतीस?"

कंपनीच्या जवळ बरं पडेल, वर्षाली म्हणाली. म्हणजे तीही थोडं खोटंच बोलली.

जुलैअखेर ती चाकणला, मेदनकरवाडीतल्या एका खोलीत राहायला गेली. सामान टेम्पोत भरताना तनुजानं गाद्या बांधल्या, भांडी कागदात गुंडाळली. डबी वर्षालीनं स्वतःच्या मांडीवर ठेवली. टेम्पो निघताना तनुजा म्हणाली, "येऊ ना मी कधी?" वर्षाली म्हणाली, "ये की."

शेखरशी ती कंपनीत कामापुरतं बोलते. तो अजूनही जेवणाच्या सुट्टीत कुणाकुणाला फोटो दाखवतो. एकदा त्यानं अळ्यांचा डबा तिच्या टेबलावर आणून ठेवला; तिनं आभार मानून परत केला. अळ्या ती आता स्वतःच वाढवते. काही विचारायचं असलं तर तीन ठिकाणी विचारते आणि तिघांची उत्तरं वहीत समोरासमोर लिहिते.

सप्टेंबरातल्या एका रविवारी तनुजा आली. अकराला येते म्हणाली होती, साडेबारा वाजले. घामाघूम होऊन जिना चढली, हातात सोलकढीची बाटली. "मोशीला ट्रॅफिक गो. बस तासभर एका जागी."

"बस, चहा टाकते," वर्षाली म्हणाली. तनुजा खिडकीशी डबीसमोर वाकली आणि सवयीनं म्हणाली, "मुगी मोठी झाली."

"ती मुगी नाही."

"हो. चुकलं." तनुजा सरळ झाली. मग तिनं लॅबमधल्या गमती सांगितल्या, गोजाबाईंच्या गुडघ्याचं सांगितलं, संगमेश्वरला आईला बरं वाटतंय म्हणाली. वर्षाली ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं, की आपण प्रत्येक वाक्य उचलून उजेडात फिरवून बघतोय. आईला खरंच बरं असेल का? गोजाबाईंनी खरंच आठवण काढली असेल का?

दूध कमी होतं म्हणून ती खाली उतरली. कोपऱ्यावर रंगरावांचं दुकान. पिशवी घेताना तिनं सहज विचारावं तसं विचारलं, "काका, मोशीकडं आज ट्रॅफिक आहे का हो?"

"विचारू नका, ताई," रंगराव म्हणाले. "सकाळपासून कंटेनर आडवा पडलाय. माझीच दुधाची गाडी आत्ता पोचली बघा."

म्हणजे खरं होतं. वर्षाली पिशवी हातात घेऊन रस्त्याच्या कडेला थोडी थांबली. उन्हात तासभर बसमध्ये उभी राहून आलेली मैत्रीण वर खोलीत बसली होती आणि तिच्यामागं आपण दुकानदाराकडं चौकशी केली, याची तिला लाज वाटली. पुढच्या वेळी तनुजा उशिरा आली तर आपण पुन्हा विचारू, हेही तिला ठाऊक होतं. ती जिना चढून वर गेली, दूध तापवायला ठेवलं आणि दोन कप काढले.